मनीऑर्डर गेली, आधार आले. मधल्या माणसांचे काय?

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. – संपादक)



या व्यासपीठावर नेहमी सीमाप्रश्नाचे जाणकार, वकील, प्राध्यापक बोलतात. मी बँकेत कारकून आहे, शिक्षण वाणिज्य शाखेचे. मोठा विषय मांडण्याचा माझा अधिकार नाही. पण काउंटरवर बसल्यामुळे एक प्रश्न मला आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकावा लागतो. "पगार आलाय काय बघ की बाळा." आपल्याकडे वृद्धांच्या आणि विधवांच्या पेन्शनला बायका पगारच म्हणतात. रक्कम हजार-बाराशेच्या घरातली. मी पासबुक मशीनला लावतो. कधी नोंद उमटते, कधी उमटत नाही. उमटली नाही की पुढचा प्रश्न येतो, "का आला नाही?" त्या 'का'चे उत्तर पासबुकात नसते. आज त्या 'का'बद्दल बोलणार आहे.

जुनी पद्धत कशी होती

केंद्र सरकारने राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केला. त्यातून निराधार वृद्धांना पेन्शन मिळू लागली. कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा योजना २००७ सालची. विधवांची, अपंगांची पेन्शन वेगळी. बरीच वर्षे हे पैसे मनीऑर्डरने घरपोच येत. पोस्टमन सायकलवरून यायचा, अंगठा किंवा सही घ्यायचा आणि हातावर पैसे ठेवायचा.

ती पद्धत चांगली होती असे म्हणण्यासाठी मी उभा नाही. पैसे दोन-दोन, तीन-तीन महिने रखडत. चहापाण्याच्या नावाखाली दहा-वीस रुपये कापले जात, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर पैसे निघत. मधल्या दलालांचे फावत असे. व्यवस्था बदलायला कारणे होती, आणि ती खरी होती.

पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती. पोस्टमन माणसाला ओळखत होता. कागदावर गंगव्वा आणि घरी गंगूबाई असली तरी त्याला फरक पडत नव्हता. आज भेटली नाही तर तो उद्या येई. म्हणजे पैसे माणसाचा पत्ता शोधत येत होते. आता माणसाला पैशांचा पत्ता शोधत जावे लागते. या बदलाची किंमत कोण मोजतो, हा माझ्या बोलण्याचा मुद्दा आहे.

नव्या पद्धतीतले चार दरवाजे

लाभाचे पैसे थेट खात्यात देण्याची पद्धत केंद्राने १ जानेवारी २०१३ पासून काही जिल्ह्यांत सुरू केली. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि गरिबांची खाती उघडली गेली. २०१६ साली आधारचा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात या कायद्यातली काही कलमे रद्द केली, पण सरकारी अनुदानासाठी आधार मागण्याचा अधिकार कायम ठेवला. आता पैसे नेमके कसे येतात ते ऐका, कारण बरेच गैरसमज इथेच आहेत.

पहिला दरवाजा नावाचा. पेन्शनच्या मंजुरीपत्रातले नाव आणि आधारवरचे नाव जुळावे लागते. आपल्या मराठी माणसांची अडचण इथे दुप्पट होते. मंजुरीपत्र कन्नडमध्ये, आधार इंग्रजी आणि कन्नडमध्ये, आणि आपले नाव मराठी. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्रजीत डी-एन-वाय असे लिहितो, कन्नड पद्धतीने लिहिणारा जे-एन लिहितो. लक्ष्मणचा 'क्ष' कुणी एक्सने लिहितो, कुणी के-एस-एचने. बायकांचे तर माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. माणूस एकच असला तरी संगणकाला ती दोन माणसे वाटतात.

दुसरा दरवाजा जोडणीचा. 'माझे आधार बँकेला लिंक आहे' असे लोक सांगतात. खात्याला ओळखीचा पुरावा म्हणून आधार दिलेले असणे ही एक गोष्ट, आणि त्या खात्यात सरकारी पैसे यावेत म्हणून संमतीपत्र भरून आधार जोडणे ही दुसरी गोष्ट. दुसरी जोडणी झाली की नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यादीत त्या आधार क्रमांकासमोर त्या बँकेचे नाव लागते. एका आधारसमोर एकाच बँकेचे नाव राहते, आणि सर्वांत शेवटी जी बँक जोडली तीच राहते. सरकार पैसे पाठवते ते आधार क्रमांकावर. यादी सांगते त्या बँकेत ते जातात.

याचा परिणाम बघा. एखाद्या बाईचे खाते जुन्या बँकेत. मेळाव्यात कुणीतरी येऊन तिचे दुसऱ्या बँकेत खाते उघडून देतो, अर्जावर अंगठा घेतो. त्या अर्जात जोडणीची संमतीही असते. पुढच्या महिन्यापासून पगार नव्या खात्यात जायला लागतो आणि बाई जुन्या बँकेत येऊन रडते. सरकारच्या वहीत पगार वेळेवर दिलेला आहे. पैसे तिच्याच नावावर पडून आहेत, फक्त ते कुठे आहेत हे तिला कुणी सांगितलेले नाही. 'पगार बंद झाला' म्हणून येणाऱ्यांत अशी माणसे हमखास असतात. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे हे बघता येते, पण त्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो मोबाइल मुलाचा असतो, आणि मुलगा पुण्याला.

तिसरा दरवाजा खात्याचा. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय धरतात. सरकारी योजनांची खाती या नियमातून वेगळी ठेवा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तरीही केवायसीची मुदत उलटली म्हणून खाते अडते. जनधनची पहिली खाती २०२४ मध्ये दहा वर्षांची झाली, त्यामुळे हा प्रश्न एकदम वाढला. १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात बँकांनी ग्रामपंचायतींत शिबिरे घेतली ती याचसाठी. ज्यांनी तेव्हा केवायसी केले नाही त्यांनी आता शाखेत करून घ्यावे. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करायला पैसे लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

चौथा दरवाजा अंगठ्याचा. गावातल्या बँकमित्राकडे यंत्रावर अंगठा लावून पैसे काढायचे असतात. आयुष्यभर शेतात राबलेल्या, भांडी घासलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नसतात. यंत्र नाही म्हणते. अशा वेळी पासबुक आणि पैसे काढायची स्लिप घेऊन शाखेत आलात तर यंत्रावर अंगठा लावावा लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगठ्याची खूण दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची सोय बँकेच्या नियमात आहे. सत्तरीच्या पुढच्या खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितले आहे. मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही, एवढे खरे.

तांदळाचे पैसे आणि पैशांचा तांदूळ

बदल एकदा झाला की संपला, असेही नाही. आपल्या राज्यातले अन्नभाग्यचे उदाहरण घ्या. २०२३ साली नव्या सरकारने माणशी आणखी पाच किलो तांदूळ देण्याचे ठरवले. तेवढा तांदूळ मिळेना. मग जुलै २०२३ पासून किलोला ३४ रुपये या दराने माणशी १७० रुपये खात्यात देणे सुरू झाले. पाच माणसांच्या घराला महिन्याला ८५० रुपये. ते कार्डावरच्या कुटुंबप्रमुखाच्या आधार जोडलेल्या खात्यात येणार. ज्या घरात कुटुंबप्रमुख म्हातारी सासू आणि तिचे खाते अडलेले, त्या घराला रेशन दुकानात तांदूळ मिळत होता, पण हे पैसे मिळत नव्हते. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने पैसे बंद करून पुन्हा तांदूळ देण्याचे ठरवले.

दीड वर्षात दोनदा बदल. प्रत्येक वेळी रांगा लावल्या त्या लोकांनीच. ३० ऑगस्ट २०२३ रोजी गृहलक्ष्मी सुरू झाली तेव्हाही तेच. महिन्याला २,००० रुपये, म्हणजे गरीब घराला मोठाच आधार. पण नोंदणी, रेशन कार्डावरचे नाव, आधार, खाते यांचा मेळ बसेपर्यंत बायकांच्या किती फेऱ्या झाल्या, हे इथे बसलेल्या भगिनींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा फक्त कर्नाटकाचा दोष नाही. महाराष्ट्रातही संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात जातात, आणि चंदगड-गडहिंग्लजकडचे आपले नातेवाईक याच तक्रारी सांगतात. कन्नड शेतकऱ्याच्या आईचाही अंगठा उमटत नाही. तेव्हा हा प्रश्न आधी गरिबांचा आहे. आपल्या माणसांना त्यावर भाषेचे ओझे जास्तीचे आहे, इतकेच.

हे नीट करता येते

सरकार म्हणेल, एवढ्या मोठ्या बदलात थोडा त्रास व्हायचाच. मला हे पटत नाही, कारण याच सरकारी यंत्रणेने एक बदल नीट करून दाखवलेला आहे.

गॅसच्या सिलिंडरचे अनुदान आठवा. २०१३ साली ते आधारमार्गे खात्यात देणे सुरू झाले, गोंधळ झाला आणि योजना थांबवावी लागली. मग सुधारून १५ नोव्हेंबर २०१४ पासून ५४ जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून सगळ्या देशात ती पुन्हा आणली. या दुसऱ्या वेळी काय केले? आधार नसेल तर नुसत्या बँक खात्यानेही चालेल असे सांगितले. पहिले तीन महिने सवलतीची मुदत दिली. त्या काळात जोडणी न केलेल्यालाही जुन्याच सवलतीच्या दराने सिलिंडर मिळत होता. त्यापुढचे तीन महिने सिलिंडर बाजारभावाने, पण अनुदानाची रक्कम ग्राहकाच्या नावावर राखून ठेवली. त्या मुदतीत जोडणी केली की साठलेले पैसे मिळत. पहिल्या सिलिंडरला जास्त पैसे मोजावे लागतील म्हणून ५६८ रुपये आगाऊसुद्धा दिले.

गॅसधारक म्हणजे बहुतेक मध्यमवर्ग. तुमच्या-माझ्यासारखी, आवाज करू शकणारी माणसे. आपल्याला सहा महिने मिळाले, राखीव रक्कम मिळाली, आगाऊ मिळाले. पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीला मात्र हे काहीच नाही. पडताळणीत नाव अडले की त्या महिन्यापासून पगार बंद. का बंद झाला याचे पत्र नाही. पुन्हा सुरू झाल्यावर मागचे महिने मिळतील की नाही, हे काउंटरवरचा माणूस सांगू शकत नाही. जी सोय गॅसला दिली ती पेन्शनला द्या, एवढीच माझी मागणी आहे. ती परवडणार नाही असे कुणी म्हणू नये, कारण ते पैसे मंजूर झालेलेच असतात.

रोजगार हमीतही हेच झाले. आधारमार्गे मजुरी सक्तीची करण्याची तारीख आधी १ फेब्रुवारी २०२३ होती. मुदती वाढत वाढत ती १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. मुदती वाढवाव्या लागल्या याचा अर्थच असा, की माणसे तयार नव्हती. आता तर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जुन्या कायद्याच्या जागी नवा, १२५ दिवसांच्या कामाचा कायदा मंजूर केला आहे. म्हणजे खेड्यातल्या आपल्या मजुरांपुढे आणखी एक बदल उभा आहे. या वेळी आपण आधीपासून तयारीत असले पाहिजे.

भाषेचा प्रश्न

आता मंडळाच्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडता येते. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या तरतुदींप्रमाणे ज्या भागात त्यांची संख्या १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हवेत. मराठीत परिपत्रके द्या ही आपली मागणी जुनी आहे, आणि ती केवळ अभिमानाची नाही. पेन्शनच्या पडताळणीची सूचना जिला वाचता येत नाही, तिची पेन्शन बुडते. भाषेच्या हक्काचा पैशात हिशेब करायचा झाला तर तो असा होतो.

मात्र एक सांगतो, ते काहींना रुचणार नाही. एखाद्या बाईचा अर्ज द्यायचा असेल तेव्हा मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडा. तत्त्वाची लढाई मंडळाने निवेदनातून लढावी. एकट्या म्हातारीला तिच्या हजार रुपयांसकट त्या लढाईत पुढे उभे करू नये. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. किराणा दुकानदार तोपर्यंत उधारी देत नाही.

आपण काय करायचे

मंडळाने महिन्यातून एक ठरावीक दिवस मदतकेंद्र चालवावे. तिथे प्रत्येक लाभार्थ्याचे हे पाहावे:

१. मंजुरीपत्र, रेशन कार्ड, आधार आणि पासबुक यांवरचे नाव एकच आहे का? नसेल तर आधी आधार आणि मग त्यानुसार बाकीचे दुरुस्त करून घ्या.

२. आधारसमोर सध्या कोणती बँक आहे? ती पासबुकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

३. केवायसी झाले आहे का? वर्षातून एकदा तरी स्वतः शाखेत जाऊन थोडे पैसे काढा किंवा भरा.

४. आधारला लावलेला मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा आहे का?

५. नाडकचेरीत किंवा ग्राम वन केंद्रात अर्ज दिला तर पोच घेतली का? कर्नाटकात 'सकाल' कायदा आहे. त्याच्या यादीतल्या सेवेसाठी अर्ज केला की क्रमांक मिळतो. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम छोटी आहे, पण क्रमांक हातात असला की तलाठी आणि कारकून दोघेही उत्तर देतात. हे मी कारकून म्हणून सांगतो.

६. तक्रार बँकेविरुद्ध असेल तर ती बँकेकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आमच्याविरुद्ध तक्रार कशी करायची हे मीच सांगतोय म्हणून आश्चर्य वाटायला नको. लेखी तक्रार आली की काम हलते, हा अनुभव आहे.

आणि एक ताकीद. ओटीपी कुणाला सांगू नका. मेळाव्यात 'इथे अंगठा लावा' म्हटले की विचारा, कशासाठी? कागदावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगा. वाचून दाखवत नसेल तर उठून या.

शेवटी, आजच्या सभेने पुढील ठराव मंजूर करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, अशी विनंती करतो. एक, कोणाचीही पेन्शन थांबवण्यापूर्वी लाभार्थ्याला कारणासह लेखी सूचना द्यावी, आणि ती मराठीतही असावी. दोन, पडताळणीत नाव अडले तरी किमान तीन महिने पेन्शन चालू ठेवावी आणि त्यापुढच्या तीन महिन्यांची रक्कम लाभार्थ्याच्या नावावर राखून ठेवावी. तीन, दुरुस्ती झाल्यावर राखून ठेवलेली सगळी रक्कम एकत्र द्यावी. चार, जे अंथरुणावर आहेत त्यांची पडताळणी घरी जाऊन करावी.

ठरावाची प्रत दारापाशी ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने सही करावी, आणि आपल्या गल्लीतल्या ज्या म्हातारीचा पगार थांबला आहे तिचे नाव मागच्या कोऱ्या पानावर लिहावे. पुढच्या सभेपर्यंत ती यादी घेऊन आपल्याला कामाला लागता येईल.